राजे उदंड, वाजंत्री थोडे

आमचे घर गुरवाचे. आजोबा देवळात सनई धरत, गावच्या लग्नांत वाजवत, आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपले बलुते घेत. लग्नात त्यांच्याशिवाय वरात हलत नसे. पंगतीत मात्र त्यांचे पान शेवटी. मी वाद्याला हात लावला नाही, कारकुनीत आयुष्य गेले. पण वाजवणाऱ्याची समाजातली जागा कोणती, या प्रश्नाने पंचवीस वर्षे पिच्छा सोडलेला नाही. तो प्रश्न मला अमेरिकेत, चिलखते घातलेल्या माणसांच्या मेळ्यात भेटेल असे वाटले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे पेनसिल्व्हेनियात गेलो असताना जावयाने एका मैदानावर नेले. तंबू, निशाणे, लाकडाच्या धुराचा वास. वेताच्या तलवारींनी लढणारे लोक एरवी संगणक-अभियंते, परिचारिका, ट्रकचालक. ही मंडळी ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ या संस्थेची. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कलीत एका घराच्या परसात भरलेल्या द्वंद्वाच्या खेळातून ती उभी राहिली. आज तिची वीस ‘राज्ये’ आहेत. राजा ठरतो तो द्वंद्वस्पर्धा जिंकून. प्रत्येक सदस्य सतराव्या शतकापूर्वीच्या एखाद्या काल्पनिक व्यक्तीचे नाव आणि पेहराव घेतो, आणि ती व्यक्ती कुलीन आहे असे गृहीत धरले जाते. माझ्या दृष्टीने सारी गोम या गृहीतकात आहे.

परत आल्यावर, अशा मंडळींत नव्याने येणाऱ्या वादकांसाठी लिहिलेली बरीच मार्गदर्शक टिपणे वाचून काढली. त्यांचा सूर एकच: वाद्य त्या काळातले निवडा, चीज त्या काळातली निवडा, दोन्हींचे पुरावे जोडा. लोहाराला किंवा शिंप्याला हा सल्ला उपयोगी आहे. संग्रहालयात शिरस्त्राण आहे, थडग्यांवर कोरलेल्या आकृतींचे पोशाख आहेत. नाद मात्र कोणत्याही संग्रहालयात नाही. मध्ययुगीन युरोपातील निखळ वाद्यसंगीताच्या नृत्यधुना आज शिल्लक आहेत त्या पन्नासाच्या आतबाहेर. त्यांतल्या बहुतेकांची एकेरी स्वरओळ तेवढी लिहिलेली आहे. वाद्य कोणते, लय किती, सोबत ढोल होता की नाही, यावर पोथी गप्प.

मग जो ‘मध्ययुगीन आवाज’ सगळ्यांच्या कानात बसला आहे तो आला कुठून? बराचसा ध्वनिमुद्रिकांतून. १९६० साली म्युनिकमध्ये टॉमस बिंकली आणि त्यांच्या साथीदारांनी ‘स्टुडिओ डेर फ्र्यूएन मुझिक’ हे पथक काढले. मोकळ्या जागा भरताना त्यांनी उत्तर आफ्रिकेतील अरबी-अंदलुसी वादकांचे आलाप आणि ताल जवळ केले. १९८० साली ख्रिस्तोफर पेज यांनी इंग्लंडमध्ये ‘गॉथिक व्हॉइसेस’ स्थापन केले आणि जुनी बहुस्वरी गाणी वाद्यांवाचून, केवळ कंठांनी गाऊन दाखवली. वीस वर्षांत मध्ययुगाचा आवाज पालटला. पोथ्या होत्या त्याच होत्या. डॅनियल लीच-विल्किन्सन यांनी २००२ च्या ग्रंथात हा सारा प्रवास तपासला आहे. तो वाचल्यावर ‘पुरावा आणा’ हा सल्ला मला अर्धाच वाटू लागला.

आणि पुराव्याचा हा आग्रह पाळला तरी किती जातो? मेळ्यांत जॉन प्लेफर्डच्या पुस्तकातली नृत्ये फार लाडकी. ते पुस्तक १६५१ चे. म्हणजे संस्थेची कालमर्यादा ओलांडून अर्धे शतक झालेले. तरी ती नाचली जातात, कारण पावले सोपी आहेत आणि धून डोक्यातून जात नाही. कुणी कडक सदस्य नाक मुरडतो आणि पुढच्या फेरीत स्वतःच रांगेत उभा राहतो. मला यात लबाडी दिसत नाही. नाचणाऱ्यांनीच वादकाला काम दिले, एवढेच दिसते.

टिपणांत नेमके हेच सुटले आहे. काय वाजवावे याची पाने भरली आहेत, कुणासाठी वाजवावे याची ओळही नाही. हा प्रश्न टाळला जातो, कारण त्याचे उत्तर अडचणीचे आहे. १३०६ च्या पेंटेकॉस्टला इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेस्टमिन्स्टरला राजपुत्राला आणि अडीचशेहून अधिक तरुणांना नाइट केले. त्या मेजवानीत कलावंतांना दिलेल्या पैशांची यादी शिल्लक आहे. शंभरावर माणसे, त्यांत वीणेसारखे हार्प वाजवणारे पुष्कळ. कित्येकांची ओळख म्हणजे त्यांचे वाद्य आणि धन्याचे नाव: अमक्या बिशपचा हार्पवाला, तमक्या सरदाराचा कर्णेवाला. त्यांची जागा पक्की होती, कारण ते चाकर होते. आजच्या मैदानावर चाकर व्हायला कोण येतो? प्रवेशद्वारापाशीच सगळे कुलीन झालेले. वादक मग मानकऱ्यांतला एक मानकरी होतो, हातात वाद्य घेऊन, आणि आपण कुठे बसायचे ते त्याला कळत नाही.

आपल्याकडे उलट्या बाजूने हेच घडले आहे. जे वाजवणे ठरावीक जातींच्या माथी चाकरी म्हणून आले होते, ते पुण्याच्या ढोल-ताशा पथकांत शिकलेली मुले पांढरे झब्बे घालून हौसेने करतात. आजोबांना ते आवडले असते की नाही, सांगता येत नाही. हौस आणि बलुते यांतले अंतर मात्र त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळले असते.

त्या मैदानावर पन्नाशीच्या एक बाई भेटल्या. रेकॉर्डर वाजवतात, ही शिट्टीसारखे तोंड असलेली उभी बासरी. पहिली तीन वर्षे त्या पुराव्यांची वही घेऊन शेकोटीपाशी एकट्याने वाजवत. लोक सौजन्याने ऐकत आणि गप्पांना लागत. एका संध्याकाळी नृत्याचा ठरलेला वादक आला नाही म्हणून यांना उभे केले. दोन चुका झाल्या, लय एकदा सुटली. “पण त्या रात्री पहिल्यांदा मला कुणी विचारलं, पुन्हा कधी येणार,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांच्यासमोर त्वानो आरबोचे पुस्तक उघडे होते. १५८९ मधले. लेखक खरा पाद्री, नाव जेआं ताबूरो. त्याच अक्षरांची उलटापालट करून टोपणनाव घेतलेले. पुस्तकात सुरावट पानावर उभी छापली आहे आणि प्रत्येक स्वराशेजारी त्याचे पाऊल. स्वर पाहिला की पाय दिसतो. पोथ्यांच्या इतक्या वाचनात वादकाला नाचणाऱ्याच्या इतके जवळ उभे केलेले दुसरे पान मी पाहिले नाही. शिवाय हे नृत्य कुलीनांना धोबिणी बनवते: गोल धरून, एकमेकांकडे बोट हलवत, धुणे आपटल्यासारख्या टाळ्या वाजवायच्या.

नवखी मुले सारखी चुकत होती. बाई तेवढ्याच चार ओळी पुन्हा पुन्हा वाजवत राहिल्या, दर वेळी किंचित संथ, एका पोराच्या डाव्या पायावर नजर ठेवून. मी मोजले, अकरा वेळा. पुढे सगळे जेवायला गेले. त्या बाकावर बसून रेकॉर्डर आतून फडक्याने पुसत होत्या, तेव्हा मघाचा तो पोरगा दोन ताटे घेऊन आला, एक त्यांच्यापुढे ठेवले आणि स्वतः शेजारी बसला.