शरणपूरचें देऊळ व त्याचा अपुरा इतिहास

नाशिकच्या शरणपूर येथील संत अंद्रियाच्या देवळाविषयीं स्थानिक लेखन करावयाचें म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचें नांव घ्यावें, रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५४ सालीं हें ख्रिस्ती गांव वसविल्याचें सांगावें, पाद्र्यांची परंपरा द्यावी व शेवटीं इमारतीची प्रशंसा करावी, असा परिपाठ पडला आहे. यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु इतक्यानें इतिहास पुरा होतो, हें आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम ग्रामनामच पाहावें. संस्कृतांत ‘शरण’ म्हणजे रक्षण, आश्रय, तसेंच घर. मराठींत ‘शरण जाणें’ यांत नमण्याची छटा बळावली आहे. येथें मूळ अर्थच घेतला पाहिजे. कारण अरबी गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं व मुंबईस उतरविलेलीं आफ्रिकी मुलें या गांवीं आश्रयास आलीं. त्यांस लेखनवाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकविलें जाई. डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं १८६६ च्या प्रवासांत येथील नऊ विद्यार्थी बरोबर नेले. पुढें १८७२ त गेलेल्या तुकडींतील जेकब वेनराइट यानें १८७३ त लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर अंत्यविधीचा पाठ वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर त्यांचा मृत्युलेख कोरला. १८७५ त मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलें, तें प्राइस यांच्याच हातून. आणि त्या कामीं नाशिकास शिकलेले आफ्रिकी लोक त्यांचे साहाय्यक होते. त्यांपैकीं विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस १८८५ त धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

‘हीं माणसें परदेशचीं, नाशिकच्या इतिहासांत त्यांचें काय काम?’ असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर पांडवलेण्यांतच आहे. तेथील सतराव्या लेण्याच्या लेखांत दात्याचें नांव इंद्राग्निदत्त, पित्याचें धम्मदेव, जात यवन व गांव उत्तरेकडील दात्तामित्री, असें सर्व स्पष्ट नोंदलें आहे. परका म्हणून त्याचा मूलदेश लपविला नाहीं, कीं त्याचें नांव गाळलें नाहीं. दोन सहस्र वर्षांपूर्वीं लेणें कोरविणारांनीं पाळलेली मर्यादा आम्ही छापील लेखांत पाळूं नये काय?

वास्तुवर्णनासही हाच न्याय लागू आहे. अँग्लिकन परंपरेंत बाप्तिस्म्याचें कुंड बहुधा प्रवेशद्वाराजवळ असतें, कारण बाप्तिस्मा हाच मंडळींत प्रवेश. कमानी मोजून कुंडाचा अर्थ न सांगणें म्हणजे घराचे वांसे मोजून घरांतील माणसें विसरणें होय. अशा देवळाच्या अभ्यासकानें भिंतींइतकीच बाप्तिस्म्याची नोंदवही महत्त्वाची मानावी.

शरणपूर आतां नाशिक शहरांत सामावलें असून त्याचें नांव एका गजबजलेल्या रस्त्यास उरलें आहे. त्या नांवाचा अर्थ ज्यांच्यामुळें खरा झाला, त्यांस वगळून लिहिलेला देवळाचा इतिहास आम्ही अपुराच समजूं.