चिचवाली बांधी आणि इंटरनेटचा सातबारा

सातबाऱ्यावर आमच्या धानाच्या बांधीला फक्त गट नंबर आहे. गावात तिला चिचवाली म्हणतात. चिचेचं झाड माझ्या जन्माआधीच पडलं, नाव राहिलं. ट्रॅक्टरवाल्याला गट नंबर सांगा, तो तुमच्या तोंडाकडे बघेल. चिचवाली म्हणा, सरळ बांधावर येऊन उभा राहील.

इंटरनेटचंही असंच आहे. प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो, आपण नाव टाइप करतो आणि मधली डीएनएस नावाची व्यवस्था नावावरून आकडा शोधून देते. (शेवटचं नाव कधी टाइप केलं होतं, असं विचारू नका. मलाही आठवत नाही. पण प्रत्येक लिंकच्या आणि ॲपच्या पोटात ते असतंच.) फरक एवढाच की चिचवालीची नोंद कुठेही नाही, आणि इंटरनेटवरच्या नावाचं शेवटचं टोक मात्र, डॉट कॉम असो वा डॉट भारत, एकाच मूळ यादीत असावं लागतं. तिला रूट म्हणतात. १९९८ साली स्थापन झालेली, कॅलिफोर्नियात मुख्यालय असलेली आयकॅन ही संस्था ती सांभाळते. यादीत नसलेलं नाव तुमच्या फोनसाठी नसतंच.

मला हे सगळं वाचावं लागलं ते एका मित्रामुळे. तो सालेकसा तालुक्यातला, गोंड. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत चार राज्यांतून लोक येतात, तिथे म्हाताऱ्यांची गोंडी तो फोनवर रेकॉर्ड करतो. त्याला या शब्दांची वेबसाइट करायची होती आणि तिचं नाव गोंडी लिपीत हवं होतं. त्यात अवास्तव काय आहे? आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. तेलंगणातल्या गुंजाळा गावात जुन्या पोथ्यांतून दुसरी सापडली. युनिकोडने मसराम लिपी २०१७ मध्ये घेतली, गुंजाळा २०१८ मध्ये. म्हणजे अक्षरं फोनपर्यंत पोचली आहेत.

पण मूळ यादीतली नावं कोणत्या लिप्यांत असू शकतात, हे आयकॅनने ठरवून ठेवलंय आणि त्या लिप्यांत या दोन्ही नाहीत. डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत आलं, मग इतर लिप्यांतली भावंडं धरून पंधरा टोकं झाली. ती आठव्या अनुसूचीतल्या भाषांसाठी. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर लोकांनी मातृभाषा म्हणून गोंडी सांगितली, पण गोंडी अनुसूचीत नाही.

मग मी त्याला मोठ्या उत्साहाने पर्यायी रूटबद्दल सांगितलं. अधिकृत यादी मान्य नसलेल्यांनी आपापल्या याद्या काढल्या, त्यालाही आता पंचवीस-तीस वर्षं झाली. त्यातल्या एका यादीच्या मालकाने १९९७ मध्ये अधिकृत नोंदणीच्या साइटवर जाणारी माणसं परस्पर स्वतःच्या साइटवर वळवली आणि पुढे कोर्टात गुन्हा कबूल केला. ते सोडा. माझा जीव जडला ओपननिकवर. २००० पासून स्वयंसेवक ती चालवतात, नवं टोक हवं असेल तर प्रस्ताव मांडायचा, चर्चा करायची, मत द्यायचं. आयकॅनने २०१२ मध्ये नव्या टोकासाठी नुसत्या अर्जाचे १,८५,००० डॉलर घेतले होते. इथे मत पुरतं.

ग्रामसभेसारखं वाटलं मला. मग मी त्यांची यादी एखादा कवितासंग्रह वाचावा तशी वाचली. डॉट गीक, डॉट पायरेट, डॉट ओएसएस, डॉट गोफर. वाचताना कळतं, त्या सभेला कोण बसलं होतं. एकाच वयाची, एकाच छंदाची, बहुतेक एकाच भाषेत विनोद करणारी मंडळी. दार सगळ्यांना उघडं आहे हे खरं, पण दार कुठे आहे हे ज्याला माहीत तोच आत येतो. माझी पहिली तक्रार ही. लोकशाही आहे, लोक नाहीत.

दुसरी तक्रार जास्त कठीण आहे. उद्या माझ्या चुलतभावाने स्वतःच्या शेताला चिचवाली म्हणायला सुरुवात केली तर ट्रॅक्टर कुठे जाईल? हे खरंच घडलंय. एका पर्यायी यादीत डॉट बिझ आधीपासून होतं. आयकॅनने २००० मध्ये तेच नाव निवडलं आणि आधीचं निकामी झालं. ओपननिकलाही आपलं डॉट फ्री सोडून डॉट लिब्रे करावं लागलं. मे २००० मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने एक छोटा दस्तऐवज काढला: नाव सगळीकडे एकाच जागी न्यायचं असेल तर मूळ एकच हवं. मी त्यात पळवाट शोधली, मिळाली नाही. मात्र त्या मुळाशी कोणी बसावं यावर तो दस्तऐवज बोलत नाही, आणि त्याचा हवाला देणारे नेमकं हे सांगायचं विसरतात.

न्यू नेशन्स नावाच्या प्रकल्पाने राज्य नसलेल्या लोकांना टोकं दिली होती: तिबेटी, कुर्द, उइगुर, तमिळ ईलम. कल्पना वाचून अंगावर काटा आला. पण कुर्दांचं आज कुठल्याही फोनवर उघडणारं टोक डॉट केआरडी आहे. ते २०१४ मध्ये अधिकृत यादीत आलं, कारण मागायला इराकमधलं कुर्दिस्तानचं प्रादेशिक सरकार होतं. कॅटलान भाषेला डॉट कॅट २००५ मध्येच मिळालं. गोंडीसाठी कोण जाणार?

मित्राने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माह्या मायच्या फोनवर खुलन का?"

खुलणार नाही. आधी तिच्या फोनची डीएनएस सेटिंग बदलावी लागेल. मग कचारगडला येणाऱ्या प्रत्येकाची. बदलली तरी ब्राउझर 'ही साइट सुरक्षित नाही' असं ओरडेल, कारण सुरक्षिततेचं सर्टिफिकेट देणारे अधिकृत यादीबाहेरच्या नावाला ते देत नाहीत. आणि ज्या स्वयंसेवकाच्या सर्व्हरवरून आपण नावं विचारतो, त्याला आपण कुठे कुठे जातो ते दिसू शकतं. तो भला असेल. आपण त्याला ओळखत नाही, एवढंच.

तरीही ओपननिकला मी खुळचट म्हणणार नाही. डॉट बिटचा वापर व्हायरसवाले करू लागले, तेव्हा २०१९ मध्ये त्यांनी मत घेऊन ते टोक काढून टाकलं. बंदी घालायची की नाही, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही. पण तो उघड्यावर सोडवला. तेवढं उघडेपण आयकॅनच्या बैठकीत सालेकशाच्या माणसाला मिळेल, असं मला वाटत नाही. तिथे बोलायला कुणालाही बंदी नाही म्हणतात. लिपीचे नियम ठरवणाऱ्या कागदांची इंग्रजी मला दोनदा वाचूनही अर्धीच कळली.

त्याने शेवटी रोमन अक्षरांतलं साधं डॉट इन नाव घेतलं. मी डॉट भारत सुचवलं होतं, पण ते त्याने व्हॉट्सॲपवर टाकून बघितलं तर एका ग्रुपमध्ये 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं उमटलं. देवनागरी नावाचं आतलं रूप तसंच असतं. ग्रुपमधल्या काकांनी लगेच बजावलं, लिंक दाबू नका, फ्रॉड आहे.

पानाचं शीर्षक मसराम लिपीत आहे. त्याच्या फोनवर नीट दिसतं, मायच्या जुन्या फोनवर नुसते चौकोन येतात. ती तिकडे बघत नाही. खालचं बटण दाबते आणि गेल्या माघात रेकॉर्ड केलेली आपल्या बहिणीची गोंडी ऐकते.