सुटलेली पेंढी : समाधीचे अभंग आणि आमच्याकडे राहिलेलं ऋण

ठरल्याप्रमाणे आज नामदेवांच्या गाथेतला समाधीचा भाग घ्यायचा आहे. जे नेहमी इथे येतात त्यांच्या लक्षात आलं असेल, दुसऱ्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची आज रिकामी आहे. जे घरी बसून या व्याख्यानांचं लेखी रूप वाचतात त्यांना ती खुर्ची माहीत नसेल, पण तिच्यावर बसणाऱ्या माणसाचं काम त्यांनी दर वेळी वाचलेलं आहे. आमचे हे मित्र आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाल्यावर या मालिकेतल्या प्रत्येक व्याख्यानाचं लेखांकन तेच तपासायचे. गेल्या महिन्यात ते गेले. आजचं लेखांकन हे त्यांच्या नजरेखालून न गेलेलं पहिलंच. तेव्हा त्यात चुका राहतील, आणि त्या आमच्या असतील.

त्यांचं नाव आम्ही घेणार नाही. लेखांकनाखाली तुमचं नाव घालू का, असं आम्ही त्यांना एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "मुद्रितशोधकाची आठवण चूक राहिली की मगच होते, ती न झालेली बरी." आम्ही हसलो, तेही हसले, विषय संपला. आता वाटतं, आम्ही एकदाच विचारलं आणि सुटलो. या गोष्टीकडे शेवटी येऊ.

आज शोकसभा करायची नाही. ती त्यांना आवडलीही नसती. त्यांचा आणि आमचा एक वाद अर्धवट राहिला आहे, तो नेमका याच अभंगांवरून होता. तो आज तुमच्यासमोर मांडतो.

आधी थोडी माहिती. नामदेवांच्या गाथेत ज्ञानदेवांचं चरित्र सांगणारे तीन भाग आहेत : आदि, तीर्थावळी आणि समाधी. आदीमध्ये या भावंडांची हकीकत येते, तीर्थावळीत ज्ञानदेव-नामदेवांनी बरोबर केलेली यात्रा आणि समाधीत आळंदीचा प्रसंग. शके १२१८, म्हणजे इ.स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. परंपरेच्या हिशोबाने ज्ञानदेव तेव्हा एकवीस वर्षांचे आणि नामदेव सव्वीस वर्षांचे.

आता आमच्या मित्रांचा आक्षेप ऐका. समाधीच्या अभंगांत नामदेवांचे चार मुलगे येतात : नारा, विठा, गोंदा, महादा. समाधीची जागा झाडायला आणि साफ करायला त्यांना पाठवलं आहे. मित्र म्हणायचे, "सव्वीस वर्षांच्या माणसाचे चार मुलगे, आणि तेही कामाला पाठवण्याजोगे? तारखा तरी चुकल्या किंवा अभंग तरी मागाहूनचे." शिवाय गाथेत एकाहून अधिक नामे आहेत हे अभ्यासकांनी दाखवलेलंच आहे. पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याची रचना आपल्या नामदेवांच्या रचनेत मिसळून गेली आहे. मग समाधीचे अभंग ही डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष कशी मानायची? आमच्या एका लेखांकनात आम्ही "नामदेवांनी पाहिलं" असं म्हटलं होतं. त्यांनी ते शिसपेन्सिलीने खोडून समासात लिहिलं : "अभंगात आहे, असं म्हणा."

आम्हाला राग आला होता. आम्ही त्यांना म्हटलं, की मित्राच्या वियोगाने माणूस रडतोय आणि तुम्ही मुलांची वयं मोजताय. त्यावर ते म्हणाले, "रडणारा कोण हे तरी आधी कळू द्या." वाद तिथेच थांबला, आणि मग त्यांचं आजारपण आलं.

तेव्हा आज त्यांची सूचना पाळून बोलतो. अभंगात काय आहे ते पाहू.

समाधीच्या भागात काम फार आहे. जागा झाडणं, फुलं-तुळस-बेल आणणं, येणाऱ्या मंडळींची गर्दी. विठ्ठल-रखुमाईसुद्धा आलेली आहेत, आणि देव इथे दुःखी पाहुण्यांपैकीच एक आहे. आपल्या घरांतही असंच असतं बघा. कोणी गेलं की पहिले काही तास रडायला सवड नसते. कोणी सतरंजी घालतं, कोणी चहाचं आधण ठेवतं. हातांना काम असतं आणि मन त्या कामाच्या आडोशाला उभं असतं. ज्याने कोणी हे अभंग रचले, त्याला हे ठाऊक होतं. म्हणून त्या चार मुलांविषयी आमचं मत आता असं झालं आहे : वयं जुळत नाहीत हे मान्य. पण नामदेवांच्या घराण्याला असं सांगायचं होतं, की त्या दिवशी आमचेही हात लागले होते. काळाचा पुरावा म्हणून हे कच्चं आहे. ऋणाची नोंद म्हणून मात्र ते वाचता येतं. आजही आळंदीला समाधीच्या दिवशीच्या कीर्तनाचा मान नामदेवांच्या वंशातल्या नामदास घराण्याकडे आहे. झाडलोटीची ती नोंद अशी अजून चालू आहे.

आता या भागातला आम्हाला सर्वात मोठा वाटणारा अभंग. ज्ञानदेव आत बसले आहेत, दार बंद झालं आहे आणि निवृत्तिनाथांना शोक आवरत नाही. निवृत्ती म्हणजे थोरला भाऊ, आणि ज्ञानदेवांचा गुरूही. देह नाशवंत आहे हे शिष्याला शिकवणारा हा माणूस. त्याचा शोक सांगताना अभंग तीन चित्रं देतो. तळ्याचा बांध फुटतो आणि साठलेलं पाणी वाट मिळेल तिकडे जातं. बांधलेल्या पेंढीची गाठ सुटते आणि गवत माळभर पसरतं. हरिणी नाही, म्हणून बसायची जागा ओस पडते आणि पाडसं सैरभैर होतात.

यातलं काय पाहायचं? आभाळ कोसळणं, सूर्य मावळणं असलं काही इथे नाही. सगळी रोजच्या शेता-रानातली चित्रं. आणि तिन्हींत एक गोष्ट समान आहे : नष्ट काहीच झालेलं नाही. पाणी तेवढंच आहे, गवत काडीनकाडी आहे, पाडसं जिवंत आहेत. जे गेलं ते या सगळ्याला एकत्र धरणारं होतं. पेंढीच्या त्या बंधाला शेतकरी आळा म्हणतो. आपण शहरात आता "आळा घालणे" एवढंच बोलतो, म्हणजे एखाद्या गोष्टीला अडवणं. मूळच्या आळ्यात अडवण्यापेक्षा धरून ठेवण्याचा भाव जास्त आहे. आणि पेंढी बांधायला बहुधा त्याच गवताचा पीळ वापरतात. दोरी बाहेरून आणावी लागत नाही.

आमचे मित्र दर बुधवारी संध्याकाळी एकेकाला फोन करायचे. "उद्या आहे ना?" एवढंच विचारायचे. आम्हाला वाटायचं, लोक गाथेसाठी येतात, आमच्या व्याख्यानासाठी येतात. गेल्या तीन गुरुवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माणसं तीच आहेत, कोणी रुसलेलं नाही, पण फोन आला नाही. पेंढी बांधलेली असते तेव्हा आपल्याला नुसतं गवत दिसतं. आळा दिसतो तो सुटल्यावर. हे चित्र आम्ही या व्यासपीठावरून यापूर्वी दोनदा समजावून सांगितलं आहे. खरं सांगायचं तर ते आम्हाला या महिन्यात समजलं.

त्याच अभंगात निवृत्ती म्हणतात, की आईबापांनी आम्हाला टाकलं तेव्हाही असं संकट वाटलं नव्हतं. या आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं होतं आणि मुलं वाळीत पडलेली, पोरकी झाली होती, हे लक्षात घेतलं की हे बोलणं किती जड आहे ते कळतं. आणि अभंगाच्या शेवटी नामा काय करतो? तो स्वतःसाठी काही मागत नाही. तो देवाला सांगतो, इथे आग लागली आहे, निवृत्तीचं समाधान करा. स्वतःचा मित्र गेलेला असताना तो दुसऱ्या रडणाऱ्याकडे बोट दाखवतो. समाधी आणि समाधान हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, नीट एकत्र ठेवणं असा त्यांचा अर्थ. जाणाऱ्याला समाधी मिळाली, राहणाऱ्यांना समाधान मिळावं, असं हे मागणं आहे. पण ते निवृत्तींना फार दिवस लागलं नाही. वर्षभराच्या आत सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला आणि स्वतः निवृत्ती त्र्यंबकेश्वरला, असे सगळेच गेले. नामदेव मात्र त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं जगले.

एवढी स्तुती केली, आता एक दोषही सांगायला हवा. तीर्थावळीत विहिरीची गोष्ट आहे. वाटेत दोघांना तहान लागते आणि पाणी फार खोल असतं. ज्ञानदेव योगबळाने आत जाऊन पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर भरून वाहू लागते. गोष्ट सुंदर आहे, पण जिंकतो कोण ते पाहा. मित्राची आठवण सांगताना सांगणाराच मोठा होतो. आपल्या श्रद्धांजलीच्या सभांत हेच चालतं : "मी त्यांना म्हटलं होतं", "मी सांगितलं म्हणून त्यांनी". याच तीर्थावळीत दुसरी एक जागा आहे, तिथे ज्ञानदेव नामदेवांना विचारतात, भजन कसं करावं ते सांगा. एवढा ग्रंथ लिहिलेला माणूस विचारतो आहे. त्या जागेत कृतज्ञता अधिक खरी वाटते, कारण तिथे मित्राने आपल्याला काय दिलं हे दिसतं. त्याने आपल्याला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली.

आता दुसरं मरण. ज्ञानदेवांनंतर बेचाळीस वर्षांनी, इ.स. १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. परंपरा सांगते, की म्हातारे नामदेव तिथे गेले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन आले. त्यांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीसमोर.

या कथेवर आमच्या मित्रांचा शेरा होता : "हाडांतून नाम आलं म्हणून डोळे पुसता, पण बाकीच्या मजुरांची हाडं कोणी उचलली?" आणि दुसरा : "समाधी दाराबाहेरच का?" चोखोबांना हयातीत देवळात प्रवेश नव्हता, मेल्यावरही ते उंबऱ्याबाहेरच राहिले. दलितांसाठी ते देऊळ उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्ये सहाशे वर्षं गेली. दुःखात कृतज्ञता शोधावी असं आपण सहज म्हणतो. पण कृतज्ञतेने हिशोब झाकायचा नसतो. नामदेव मित्राची हाडं शोधायला गेले, याबद्दल उपकार मानावेत. त्या माणसाला भिंतीखाली आणि दाराबाहेर कोणी ठेवलं, हेही त्याच श्वासात विचारावं. एकाने दुसरं कमी होत नाही.

म्हणून आता आमचा हिशोब. अकरा वर्षं आमच्या मित्रांनी आमची वाक्यं सरळ केली. खिडकीजवळच्या खुर्चीवरून त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांतले निम्मे आम्ही पुढच्या व्याख्यानात आमचे म्हणून मांडले. आज जे बोललो त्यातलंही बरंचसं त्यांचंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आणि या व्यासपीठावर त्यांना एकदाही बोलावलं नाही. ते मॅट्रिक झालेले, छापखान्यातले. आम्ही पदव्या असलेल्यांना बोलावत राहिलो. त्यांनी नाव नको म्हटलं ही गोष्ट खरी, पण बोलायला याल का, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

वादाचा निकाल काय? आम्ही अर्धे हरलो. "नामदेवांनी पाहिलं" असं यापुढे म्हणणार नाही. पण एक उत्तर त्यांना द्यायचं राहिलं, ते इथे देतो. समजा हे अभंग मागाहूनच्या कोणा नाम्याचे आहेत. म्हणजे ज्याने ज्ञानदेवांना कधी पाहिलंच नाही अशा माणसाने त्यांचा शोक स्वतःचा मानून सांभाळला, त्यात आपल्या घरच्या मुलांना झाडू देऊन उभं केलं. साक्ष म्हणून त्याची किंमत कमी होईल. ऋण म्हणून ती आम्हाला वाढलेली दिसते. यावर ते काय म्हणाले असते याचा अंदाज आहे. समासात एक प्रश्नचिन्ह काढलं असतं, बाकी काही नाही.

पुढच्या गुरुवारपासून एक बदल करतो आहोत. दर महिन्यातलं एक व्याख्यान श्रोत्यांपैकी कोणीतरी द्यायचं, पदवी विचारली जाणार नाही. मित्रांच्या घरच्यांनी त्यांची गाथेची प्रत आमच्याकडे दिली आहे, समास पेन्सिलीने भरलेले आहेत. पहिलं वाचन त्या समासांचं. आणि हे लेखांकन वाचताना ज्यांना चूक सापडेल त्यांनी ती कळवावी, बारीकसारीक असली तरी.

बुधवारचे फोन आम्ही वाटून घेतले आहेत. तेव्हा बुधवारी कोणाचा तरी फोन येईल. आहे म्हणा.