चकतीवरचा दाब आणि पाठीचे दुखणे : एका प्रसिद्ध आकृतीची चिकित्सा

पाठदुखीवरील पुस्तिका, शरीरस्थितीची भित्तिपत्रके आणि भौतिकोपचाराची पाठ्यपुस्तके यांत एक स्तंभालेख वारंवार भेटतो. ओळीने काही माणसे काढलेली असतात. कोणी उताणे निजलेले, कोणी कुशीवर, कोणी उभे, कोणी बसलेले, कोणी हातांत वजन घेऊन वाकलेले. प्रत्येकाला एक स्तंभ व एक आकडा दिलेला असतो. उभ्या माणसाचा आकडा 100 धरला, तर उताण्याचा 25, कुशीवरच्याचा 75, बसलेल्याचा 140, बसून पुढे झुकलेल्याचा 185 आणि त्याच स्थितीत हातांत वजने घेतलेल्याचा 275. कमरेच्या तिसऱ्या मणक्याखाली जी चकती, म्हणजे बोलीभाषेतली 'गादी' असते, तिच्यातील सापेक्ष दाबाचे हे आकडे आहेत.

हा आलेख ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांच्यापर्यंतही 'फार बसू नका, वाकू नका, जड उचलू नका' ही सूत्रे पोचली आहेत. म्हणून त्याची तीन अंगांनी तपासणी करणे आम्हाला अगत्याचे वाटते. मोजमाप कसे झाले? ते पुढे टिकले का? आणि त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष त्यातून खरोखर निघतात का?

मोजमापाचे श्रेय

हे काम स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांचे. जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजण्याची पद्धत त्यांनी 1964 मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केली. वरील आकडे 1976 च्या त्यांच्या लेखामुळे सर्वत्र पसरले. त्यापूर्वी पाठीवरील भाराविषयी बोलायचे, तर मृतदेहांवरील प्रयोग आणि कागदावरील गणित एवढीच साधने होती. नाकेमसन यांनी तर्काच्या जागी मोजमाप आणले, ही मोठी कामगिरी होय.

आकड्यांमागचे भौतिकशास्त्रही नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला कळेल असे आहे. पाठीचा कणा ही एक तरफ माना. टेकू म्हणजे चकती. पाठीचे स्नायू टेकूच्या मागे सुमारे 5 सेंटिमीटरवर ओढतात. आता 20 किलोग्रॅमची वस्तू टेकूपुढे 40 सेंटिमीटरवर धरली, तर तिचे वजन 200 न्यूटन आणि आघूर्ण 80 न्यूटन-मीटर. ते तोलण्यासाठी स्नायूंना 1600 न्यूटन बलाने ओढावे लागेल. तीच वस्तू अंगाशी, 20 सेंटिमीटरवर धरली, तर 800 न्यूटन पुरतील. स्नायूंच्या या ओढीचा भार चकतीवरच येतो. वस्तूच्या वजनापेक्षा ती अंगापासून किती दूर आहे याला इतके महत्त्व का, हे यावरून समजते. पाण्याची घागर कमरेवर, अंगालगत घेण्यात हेच शहाणपण आहे.

मोजमाप कितपत टिकले?

1999 मध्ये जर्मनीतील उल्म येथील हान्स-योआखिम विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या, लवचीक संवेदकाने हे मोजमाप पुन्हा केले. 45 वर्षे वयाच्या, 70 किलोग्रॅम वजनाच्या एका स्वयंसेवकाच्या चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांमधील चकतीत तो बसवून सुमारे 24 तास नोंदी घेतल्या. उभे असताना दाब 0.5 मेगापास्कल आला. हा वातावरणाच्या सुमारे पाचपट दाब झाला. पाठीला आधार न घेता बसल्यावर तो 0.46, खुर्चीत सैल रेलून बसल्यावर 0.3 आणि पालथे निजल्यावर 0.1 मेगापास्कल होता. पाठीची कमान करून 20 किलोग्रॅम उचलताना तो 2.3 वर गेला, गुडघे वाकवून उचलताना 1.7 वर. तेच वजन अंगाशी धरल्यावर तो 1.1 होता.

वाकणे आणि उचलणे यांबाबत जुने व नवे आकडे एकाच दिशेला जातात. बसण्याबाबत मात्र चित्र पालटते. 140 ऐवजी येथे सुमारे 92 येतात. कुशीवर निजण्याचे 75 ऐवजी सुमारे 24 येतात. एका माणसावरून जुना निकाल फिरवता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी 8 निरोगी व्यक्तींवर केलेल्या मोजमापात उभे असताना 0.54 आणि ताठ बसल्यावर 0.62 मेगापास्कल आले. म्हणजे बसल्यावर दाब वाढलेला दिसला, पण 40 टक्क्यांनी नव्हे, सुमारे 15 टक्क्यांनी. तेव्हा उभे राहणे व बसणे यांतील फरक लहान असून तो बसण्याच्या तऱ्हेवर अवलंबून आहे, एवढेच विधान आज करता येते. बाकावर रेललेल्या ज्या विद्यार्थ्याला आपण 'ताठ बस' म्हणून दटावतो, त्याच्या चकतीवर विल्के यांच्या नोंदींनुसार कमीच दाब असतो, कारण धडाचा काही भार पाठटेकूने उचललेला असतो. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या आपल्या असंख्य मुलांविषयी तर हे आकडे काहीच सांगत नाहीत.

दाब म्हणजे दुखणे नव्हे

खरा दोष आकड्यांत नाही. तो आकड्यांपुढे केलेल्या उडीत आहे. आलेखाचा उभा अक्ष दाबाचा आहे. वाचणारा मात्र तो इजेचा, पुढे दुखण्याचा आणि अखेरीस धोक्याचा समजतो. ही साखळी प्रत्येक दुव्याला कच्ची आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चकतीतील बदल आणि वेदना यांचा संबंध सैल आहे. 1994 मध्ये अमेरिकेत पाठ मुळीच न दुखणाऱ्या 98 व्यक्तींची चुंबकीय प्रतिमा-तपासणी करण्यात आली. त्यांपैकी 52 टक्के व्यक्तींत निदान एक चकती फुगलेली आढळली. 2015 मध्ये अशा 3110 वेदनारहित व्यक्तींवरील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चकतीची झीज विशीतल्या 37 टक्के व ऐंशीच्या घरातील 96 टक्के लोकांत दिसली. केस पांढरे होणे हा जसा रोग नव्हे, तशीच ही झीज बहुतेकांच्या बाबतीत नुसती वयाची खूण असते. तरीही आपल्याकडे 'मणक्यात गॅप पडली', 'गादी सरकली' हे शब्द ऐकताच माणूस स्वतःला तुटक्या यंत्रासारखा जपू लागतो.

दुसरी गोष्ट अशी की, भार काढून टाकला म्हणजे दुखणे टळतेच असे नाही. अवकाशात कण्यावर वजन जवळजवळ नसते. तेथे कणा काही सेंटिमीटर लांबतो, आणि अमेरिकी अवकाशवीरांपैकी सुमारे निम्म्यांनी पाठदुखीची तक्रार नोंदवली आहे. जिवंत ऊती लोखंडी बिजागरीसारख्या केवळ झिजत नाहीत. माफक भाराने त्या सुदृढ राहतात आणि भार न मिळाल्यास दुबळ्या होतात.

तिसरी गोष्ट विश्रांतीची. आलेखात सर्वांत ठेंगणा स्तंभ निजलेल्या माणसाचा आहे. मग उसण भरली की अंथरूण धरावे, हे ओघानेच आले. हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांवर केलेली चाचणी 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, तर तिसऱ्याला सोसेल तितकी नेहमीची कामे चालू ठेवण्यास सांगितले. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. निजणारा गट सर्वांत मागे राहिला. उत्तरायुष्यात खुद्द नाकेमसन यांनीही बहुतेक पाठदुखीचे नेमके कारण सांगता येत नाही असे म्हणत रुग्णाला हिंडते-फिरते ठेवण्याचा पुरस्कार केला. आलेखाचा कर्ता पुढे गेला, आलेख मात्र भिंतीवरच राहिला.

व्यवहारात काय घ्यावे?

जड वस्तू अंगाशी धरून उचलावी, हा उपदेश भक्कम आहे. एकाच स्थितीत तासन्‌तास राहू नये, हाही उपयोगी आहे. फळ्यापाशी दिवसभर उभे राहणाऱ्या आणि रात्री उत्तरपत्रिकांवर वाकून बसणाऱ्या शिक्षकाने 'आदर्श बैठक' शोधण्यापेक्षा बैठक बदलत राहावी. पाठ धरली तर थोडे चालावे, शेक घ्यावा, झेपतील ती कामे करावीत. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत उतरते. पुन्हा उद्‌भवले, तरी त्याचा अर्थ कणा मोडला असा होत नाही. बऱ्या काळात नियमित व्यायाम ठेवणे हा पुनरावृत्ती कमी करण्याचा चांगला मार्ग आहे.

काही लक्षणांत मात्र दिरंगाई चालणार नाही. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेभोवती बधिरपणा, पायातील शक्ती कमी होत जाणे, सोबत ताप अथवा कारणाशिवाय वजन घटणे, पडल्यानंतरचे तीव्र दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

शाळेपुरता आणखी एक मुद्दा. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असे 2020 चे केंद्राचे दप्तर धोरण सांगते. ओझे कमी व्हावे असे आम्हालाही वाटते. मूल दमते, चालताना वाकते, हीच कारणे पुरेशी आहेत. परंतु 2018 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा दप्तरामुळे मुलांना पाठदुखी जडते याचा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. न्याय्य मागणीसाठी कच्च्या पुराव्याची भीती मुलांच्या मनात भरू नये. पाठ नाजूक आहे असे लहानपणीच ठसले, तर पुढे पहिल्याच चमकेला माणूस हालचाल टाकतो आणि दुखणे लांबते.

हा आलेख वर्गातून काढून टाका असे आम्ही म्हणणार नाही. तरफ आणि आघूर्ण शिकवायला त्याच्याइतके जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल. तो फळ्यावर काढावा, शेजारी 1999 चे आकडे लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : उभ्या अक्षावर काय मोजले आहे? किती जणांवर? आणि दुखण्याविषयी यात एक तरी आकडा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते विद्यार्थ्यांनी स्वतः शोधून काढले, तर पाठीबद्दलची एक निष्कारण भीती कमी होईल आणि कोणताही आलेख वाचण्याची सवयही लागेल.