वाक्याच्या शोधातील नट : ‘एक्स्ट्राज’ ह्या मालिकेतील उपहासाचे स्वरूप

नाट्यव्यवसायाने आपलीच थट्टा आपल्याच रंगमंचावर करावी, हा प्रकार फार जुना आहे. नटाचा अहंकार, निर्मात्याचा लोभ आणि प्रेक्षकांची अभिरुची ह्यांवरील विनोद कोणत्याही काळात सहज खपतो. म्हणूनच अशा कृतींचे मूल्यमापन करताना थट्टेमागे काही विचार आहे किंवा कसे, हे पाहावे लागते. रिकी जर्व्हेस व स्टीफन मर्चंट ह्यांनी लिहिलेली व दिग्दर्शित केलेली ‘एक्स्ट्राज’ ही ब्रिटिश मालिका ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बीबीसीवर २००५ व २००६ साली तिचे प्रत्येकी सहा भाग दाखविण्यात आले आणि डिसेंबर २००७ मधील एका दीर्घ भागाने तिची समाप्ती झाली. तिच्यात स्वतःचीच विडंबित रूपे रंगविणाऱ्या नामवंत पाहुण्या कलावंतांविषयी पुष्कळ बोलले जाते. प्रस्तुत लेखात मात्र तिच्यातील भाषाव्यवहाराचा विचार करावयाचा आहे. ही मालिका वरवर पाहता कीर्तीविषयी असली, तरी ‘उच्चारलेले वाक्य नेमके कोणाचे?’ हा तिचा खरा प्रश्न होय, असे आमचे मत आहे.

मालिकेचा नायक अँडी मिलमन (जर्व्हेस) हा चाळिशीतला गृहस्थ बांधलेली नोकरी सोडून नट होण्यासाठी निघालेला आहे. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला येतो तो गर्दीतला मूक चेहरा. त्याच्या जोडीला मॅगी जेकब्स (ॲशली जेन्सन) ही तशीच ‘एक्स्ट्रा’ मैत्रीण आणि डॅरेन लँब (मर्चंट) हा त्याचा अजागळ व्यवसाय-प्रतिनिधी. मुंबईच्या चित्रपटव्यवसायात ‘एक्स्ट्रा’ ह्या शब्दाच्या जागी ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हा शब्द आला, त्याचे कारण उघड आहे. ‘एक्स्ट्रा’ म्हणजे जादा, असला तर चालतो आणि नसला तरी अडत नाही असा. नवे नाव प्रतिष्ठा देते. परंतु ज्या रेषेवरून ही उतरंड ठरते, ती रेषा नावाने पुसली जात नाही. ती रेषा म्हणजे वाक्य. चित्रणात ज्याला बोलावयाचे असते तो नट. ज्याला केवळ दिसावयाचे असते तो जादा.

पहिल्या मालिकेत अँडीची सारी धडपड ह्या एका वाक्यासाठी चाललेली दिसते. बेन स्टिलर हा बाल्कन प्रदेशातील नरसंहारावर चित्रपट काढीत असल्याचे एका भागात दाखविले आहे. ज्याच्या कुटुंबाच्या संहाराची ती कथा आहे, तो गृहस्थ चित्रीकरणस्थळी हजर असतो. त्याच्याशी सलगी करून आपल्या पदरात एखादे वाक्य पाडून घ्यावे, अशी अँडीची खटपट चालते. एका माणसाचे अवघे दुःख दुसऱ्याला केवळ बोलण्याची संधी म्हणून दिसावे, ह्याहून कठोर उपहास कोणता? आणि तरीही प्रेक्षक अँडीचा सर्वस्वी तिरस्कार करू शकत नाही. कारण मुकेपणाची नामुष्की त्यानेही अँडीच्या बरोबरीने अनुभवलेली असते.

येथे अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी ‘फॉर्म्स ऑफ टॉक’ (१९८१) ह्या ग्रंथात केलेले विवेचन उपयोगी पडते. ‘बोलणारा’ ही आपण एकसंध मानलेली कल्पना त्यांनी तीन घटकांत विभागली. शब्द तोंडाने उमटविणारा तो उच्चारक. शब्द निवडून त्यांची रचना करणारा तो रचयिता. आणि त्या शब्दांतून ज्याची भूमिका व्यक्त होते, जो त्यांना बांधलेला असतो, तो उत्तरदायी. नित्याच्या संभाषणात हे तिघे बहुधा एकाच व्यक्तीत नांदतात. नटाच्या ठिकाणी ते वेगळे होतात. किंबहुना ते वेगळे होणे हीच अभिनयाची अट आहे. दुसऱ्या मालिकेत इअन मॅकेलन अँडीला अभिनयाचे रहस्य मोठ्या गांभीर्याने समजावून सांगतो : आपण ती व्यक्ती नसतो, तसे असल्याचे भासवितो, आणि काय बोलावयाचे ते संहितेत अगोदरच लिहिलेले असते. हसू येते ते ह्या उघड्या सत्याला दिलेल्या गूढतेच्या थाटामुळे. परंतु विनोद बाजूला ठेवला, तर अँडीला जे उमगलेले नाही तेच मॅकेलन सांगत आहे. वाक्य मिळाले म्हणजे वाणी मिळाली असे नव्हे.

ह्याची प्रचिती दुसऱ्या मालिकेत येते. अँडीने लिहिलेली विनोदी मालिका बीबीसी स्वीकारते. आता तो उच्चारकही आहे आणि रचयिताही. परंतु ‘व्हेन द व्हिसल ब्लोज’ ही त्याची कृती पडद्यावर येईपर्यंत तिच्यात इतरांचे हात फिरतात. विगन येथील कारखान्याच्या उपाहारगृहात घडणाऱ्या ह्या मालिकेत अँडीला कृत्रिम केसांचा टोप व विद्रूप चष्मा चढवावा लागतो, आणि ‘चेष्टा करतोस काय?’ ह्या अर्थाचे एक पालुपद वारंवार उच्चारावे लागते. मुद्रणाच्या रात्री तो माघार घेण्याच्या बेतात असतो. पण पर्याय स्पष्ट असतात : हे असेच करा, नाहीतर सोडून द्या. तो करतो, प्रेक्षक खदखदून हसतात, आणि अँडी प्रसिद्ध होतो.

‘पालुपद’ हा आपला शब्द येथे विश्लेषणाच्या कामी येतो. मराठी रंगभूमीला ‘टाळीचे वाक्य’ परिचित आहे. ते वाक्य भडक असेल, प्रेक्षकशरणही असेल. तथापि त्याच्यामागे प्रसंग उभा असावा लागतो. प्रसंग काढून घेतला की टाळी ओसरते. पालुपदाला प्रसंगाची गरजच नसते. ते पुन्हा आले, एवढ्याचाच आनंद असतो. अर्थ झिजून गेल्यावरही ज्याचे कार्य अबाधित राहते असे ते वाक्य होय. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण अँडीला त्याचेच पालुपद ऐकवितो आणि त्याच्याकडून तेच ऐकू इच्छितो. ज्याने वाक्यासाठी वर्षे घालविली, त्याला आता दुसरे वाक्य बोलण्याची मुभा उरत नाही. डेव्हिड बॉवीच्या भागात हा विचार टोकाला जातो. आपण कलेशी कशी तडजोड केली, हे दुःख अँडी विश्वासाने बॉवीजवळ बोलतो. बॉवी पियानोकडे वळून त्या कबुलीचेच टवाळ गाणे रचतो आणि भोवतालची मंडळी त्याला साथ देतात. अँडीचे एकमेव प्रामाणिक बोलणे ऐकता ऐकता समूहाचे पालुपद होऊन बसते.

शॉन विल्यमसन ह्या नटाची योजना ह्याच सूत्रात बसते. ‘ईस्टएंडर्स’ ह्या लोकप्रिय मालिकेत त्याने बॅरी नावाचे पात्र रंगविले होते. ‘एक्स्ट्राज’मध्ये तो स्वतः म्हणूनच येतो, परंतु डॅरेनसकट सारे जण त्याला बॅरी ह्याच नावाने हाक मारतात. अँडीला त्याच्या भूमिकेचे वाक्य चिकटले, तर ह्याला भूमिकेचे नावच चिकटले.

ह्या पार्श्वभूमीवर मॅगीच्या पात्राचे महत्त्व लक्षात यावे. ती भाबडी आहे, नको तेथे नको ते बोलून जाते आणि बहुतेक वेळा फजितीत सापडते. परंतु तिच्या ठिकाणी गॉफमनचे तिन्ही घटक अखंड एकत्र आहेत. ती जे बोलते ते तिचे असते आणि त्याची किंमतही तीच मोजते. समाप्तीच्या भागात क्लाइव्ह ओवेनच्या चित्रपटातील अपमानास्पद काम नाकारून ती हा व्यवसाय सोडते व साफसफाईची कामे पत्करते. दारिद्र्याची ही दृश्ये लेखकांनी कोणताही अलंकार न चढविता दाखविली आहेत, आणि मालिकेतील सर्वांत सकस लेखन तेच होय.

मालिकेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. पाहुणे कलावंत आपलीच थट्टा करून घेतात. परंतु अशा थट्टेने त्यांची प्रतिष्ठा उणावत नाही, उलट खिलाडूपणाची भर पडते. पारितोषिक हवे असेल तर ज्यूंच्या नरसंहारावरील चित्रपटात काम करावे, असे केट विन्स्लेट एका भागात सांगते. पुढे ‘द रीडर’ (२००८) ह्या चित्रपटातील छळछावणीच्या माजी पहारेकरणीच्या भूमिकेसाठी तिला २००९ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा ह्या विनोदाची सर्वत्र कौतुकाने आठवण झाली. व्यवसायावरील उपहास व्यवसायाने असा सुखाने पचविला. उपहासासाठी घडविलेले पालुपदही प्रत्यक्षातील प्रेक्षकांनी हौसेने उचलले. लेखकांचा सिद्धांत त्यामुळे खरा ठरला. पण त्यांच्या उपहासाची धार त्या प्रमाणात बोथट झाली.

अखेरचा प्रश्न समाप्तीचा. प्रसिद्धीसाठी ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात शिरलेला अँडी तेथे कॅमेऱ्यासमोर कीर्तीच्या हव्यासावर एक दीर्घ भाषण करतो आणि मॅगीची क्षमा मागतो. ह्या भाषणात त्याला अखेर स्वतःची वाणी सापडली, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हांस तसे वाटत नाही. तो आवेग, ते चढत जाणारे आरोप, पडद्यापलीकडील प्रेक्षकावर रोखलेली ती दृष्टी, हे सर्व टाळीच्या वाक्याच्या परंपरेतले आहे. आणि त्याने अँडीला नव्या कीर्तीचीच संधी चालून येते, हे लेखकांनीच दाखविले आहे. मोल आहे ते त्यानंतरच्या कृतीचे. ती संधी न घेता तो त्या घरातून बाहेर पडतो आणि मॅगीबरोबर निघून जातो. सुरुवातीचे मूकपण त्याच्यावर लादलेले होते. हे त्याने निवडलेले आहे. अँडीच्या तोंडचे हे भाषण गाळले असते, तर समाप्ती अधिक समर्थ झाली असती. वाक्याच्या मालकीचा प्रश्न इतक्या चिकाटीने मांडणाऱ्या लेखकांनी त्याचे उत्तर शेवटी वाक्यांतच द्यावे, हे त्यांच्या कृतीतील वैगुण्य होय. परंतु तो प्रश्न मांडण्याचे श्रेय त्यामुळे उणे होत नाही.