रिकाम्या अवतरणचिन्हांची ओळ

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. 'हे नाव वर येऊन गेलंच आहे' म्हणून एखाद्या कारागिराने ते गाळलं असतं, तर त्याची मेहनत वाचली असती आणि वंशावळ तुटली असती. त्या भिंतीपुढे उभं राहिलं की मला लिनक्स कर्नलमधली, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्यातली, 'बॅरियर' ही ओळ आठवते. कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्रभाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने) असंच काही गाळू नये, म्हणून ती असते.

तिच्यात असेंब्लीची खूण, 'व्होलाटाइल' (चंचल) हा शब्द, मग कंसात रिकामी अवतरणचिन्हं, तीन अपूर्णविराम आणि शेवटी 'मेमरी'. अवतरणचिन्हांत प्रोसेसरसाठी आज्ञा असायची, तिथे काहीच नाही. पहिल्या अपूर्णविरामानंतर बाहेर येणारी मूल्यं लिहायची, दुसऱ्यानंतर आत जाणारी. त्याही जागा मोकळ्या. एवढं सगळं रितं ठेवून आलेला तो शेवटचा शब्द कंपायलरला बजावतो: इथे स्मृतीत काहीही बदललं असेल, रजिस्टरात धरून ठेवलेलं जुनं मूल्य आता खरं मानू नकोस.

याची गरज का पडते? समजा, एक लूप एका खुणेची वाट पाहतो आहे. ती खूण दुसरा प्रोसेसर बदलणार आहे. कंपायलरला मात्र समोरचा लूपच दिसतो, आणि त्यात खुणेला कुणी हात लावत नाही. मग तो ती एकदाच वाचतो आणि वाचन लूपबाहेर काढतो. त्याच्या नियमांत हे अगदी बरोबर आहे. लूप मात्र कधीच संपत नाही. त्यात 'बॅरियर' घातली की प्रत्येक फेरीला खूण नव्याने वाचावी लागते.

कर्नलमधलाच 'रीड वन्स' हा मॅक्रो मला याहूनही तरल वाटतो. तिथे 'व्होलाटाइल' चलावर कायमचं चिकटवत नाहीत, त्या एका वाचनापुरतंच लावतात. कुलूप (लॉक) हाती असताना, म्हणजे दुसरं कुणी ते बदलू शकत नसताना, तेच चल कंपायलरने खुशाल रजिस्टरात ठेवावं. चंचलपणा वस्तूत नसतो, ती कोण कधी वाचतो यात असतो, ही जाण त्या छोट्या मॅक्रोत आहे. आधीचं 'ॲक्सेस वन्स' जीसीसी या कंपायलरच्या काही आवृत्त्यांत स्ट्रक्चर आणि युनियनवर फसलं, म्हणून २०१४ मध्ये ख्रिश्चन बोर्नट्रेगर यांनी हे नवं रूप दिलं.

'बॅरियर' फक्त कंपायलरला आवरते. वाचन-लेखनाचा क्रम प्रोसेसरने स्वतः बदलू नये, यासाठी कर्नलमध्ये 'एसएमपी एमबी' ही वेगळी ओळ आहे, आणि तिच्यातून मात्र खरी आज्ञा निघते.