ईयोबाचे कोसळलेले घर

जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ‘सुबोध बायबल’चे कर्ते दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. पवित्र शास्त्राची भाषा सुबोध करणे हे अनुवादकाचे काम. फादरांनी ते निष्ठेने केले. अर्थ सुबोध होणे मात्र वाचकाच्या आयुष्यावर अवलंबून असते.

सहाव्या शतकात संत ग्रेगरी यांनी ईयोबाच्या ग्रंथावर पस्तीस खंडांचे भाष्य लिहिले. त्याच्या आरंभी ते शास्त्राला नदीची उपमा देतात: तिच्या उथळ पाण्यात कोकरू चालू शकते आणि खोल पाण्यात हत्तीलाही पोहावे लागते. याच धाराशिव जिल्ह्यात माकणी येथे तेरणेवर धरण आहे. त्याच्या काठाशी उभे राहणाऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागू नये.

बालपणी ईयोबाची गोष्ट आपण बक्षिसाची गोष्ट म्हणून ऐकतो. ईयोबाने सोसले, देवाने दुप्पट दिले. तारुण्यात ध्यानात येते की, हा सोशिक मनुष्य तिसऱ्या अध्यायापासून आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो आणि देवाशी वाद मांडतो. उतारवयात आपण शेवटचा हिशेब नीट वाचतो. मेंढरे सात हजारांची चौदा हजार झाली, उंट तीन हजारांचे सहा हजार झाले; मुलगे मात्र पुन्हा सातच आणि मुली तीनच. पहिली दहा लेकरे देवापाशी जिवंत आहेत, म्हणून ती दुप्पट करावी लागली नाहीत, असा एक अर्थ भाष्यकारांनी काढला आहे. तो सुंदर आहे. पण तो कोणी, कोणाला आणि केव्हा सांगावा?

ती लेकरे कशी मेली, हे पहिल्याच अध्यायात आहे. वाऱ्याने घराचे चारही कोपरे हादरले आणि घर त्यांच्यावर कोसळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर, माकणीचा हा सारा टापू हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे निजलेल्या माणसांवर आली. त्या पहाटेनंतर या परिसरात ईयोब वाचणाऱ्याला ‘घर कोसळले’ हे दोन शब्द ओलांडून पुढे जाता येणार नाही. संत ग्रेगरी सात मुलग्यांत प्रेषितांचे रूपक पाहतात. त्या रूपकाचा अनादर न करता म्हणावेसे वाटते की, शब्दार्थ ही मागे टाकायची पायरी नव्हे. रूपक आणि नीती यांतून खोल जाणारा वाचक अखेर शब्दार्थापाशीच परततो: दहा लेकरे ढिगाऱ्याखाली गेली.

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले. मग त्यांनी तोंड उघडले आणि शोकाला पापाची कारणे चिकटवली. अखेरीस देवाचा कोप झाला तो त्यांच्या या बोलण्यावर. त्यांच्या मौनावर नव्हे. बालपणी हे सात दिवस आपण एका दमात वाचून टाकतो. पुढे कधीतरी शोक झालेल्या घरी जाऊन जमिनीवर बसण्याची वेळ येते, तेव्हा ते सात दिवस किती मोठे होते, ते कळते.